म्युझे दॉर्सेला पहिल्यांदा जाताय? आधी स्टेशन बघा, मग चित्रं

पॅरिसला निघालेलं कोणी भेटलं की पाच मिनिटांत विषय लूव्रवर येतो आणि मग मी मध्ये तोंड घालते, की लूव्र बघा, मोनालिसा लोकांच्या डोक्यांवरून का होईना बघा, पण नदीच्या पलीकडे म्युझे दॉर्से नावाचं चित्रांचं म्युझियम आहे त्याला अर्धा दिवस द्याच. मी तिथे चारदा गेलेय. म्हणजे मोजायचं तर तीनदाच, कारण पहिल्यांदा गेले तो सोमवार होता आणि सोमवारी ते बंद असतं, दारापर्यंत जाऊन बाहेरच्या हत्तीच्या पुतळ्याचा फोटो काढून परत आले. असं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं एकदाचं लिहून टाकते, कारण दर वेळी व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळा आलाय.

आधी थोडी गोष्ट ऐका, ती नाही ऐकली तर आत गेल्यावर अर्धी मजा जाते. हे म्युझियम म्हणजे एक जुनं रेल्वे स्टेशन आहे. १९०० साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्या निमित्ताने पॅरिस-ऑर्लेआँ नावाच्या रेल्वे कंपनीला आपली गाडी थेट शहराच्या मधोमध आणायची होती, कारण त्यांचं ऑस्टरलिट्झ स्टेशन जरा बाजूला पडायचं. जागा मिळाली सीन नदीच्या काठावर. तिथे आधी एक सरकारी राजवाडा होता, तो १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या बंडाच्या धामधुमीत जळाला आणि त्याचे जळके सांगाडे कित्येक वर्षं तसेच उभे होते. पण समोर लूव्र, आजूबाजूला उमरावांची जुनी घरं, अशा वस्तीत काळंकुट्ट लोखंडी स्टेशन कोण खपवून घेणार? म्हणून व्हिक्टर लालू या आर्किटेक्टने सगळा लोखंडी सांगाडा दगडी भिंतींच्या आड लपवून टाकला. लपवला म्हणजे थोडाथोडका नाही, जवळजवळ १२,००० टन, आयफेल टॉवरला लागलं त्यापेक्षाही जास्त.

आणि खरी गोम पुढेच आहे. इथे गाड्या विजेवर यायच्या. कोळशाचं इंजिन ऑस्टरलिट्झलाच काढायचं, विजेचं जोडायचं आणि शेवटचे काही किलोमीटर जमिनीखालून इथे यायचं. धूर नाही म्हणून मग छताला फुलांची नक्षी करता आली, वर काच घालता आली, स्टेशनाला खेटूनच ३७० खोल्यांचं हॉटेल बांधता आलं. पाव्हणे गाडीतून उतरून सरळ हॉटेलात, अंगावर काजळीचा कण नाही. गंमत म्हणजे एदुआर देताय नावाच्या चित्रकाराने १९०० सालीच म्हणून ठेवलं होतं की हे स्टेशन कलेच्या राजवाड्यासारखं दिसतं. माणूस थट्टेत बोलला आणि ८६ वर्षांनी ते खरं झालं.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात. विजेच्या गाड्या लांब लांब होत गेल्या आणि इथले प्लॅटफॉर्म पडले आखूड, त्यामुळे १९३९ पासून लांब पल्ल्याच्या गाड्या बंद होऊन फक्त लोकल उरल्या. एवढा थाटमाट जेमतेम चाळीस वर्षं चालला. युद्ध संपल्यावर परत आलेल्या कैद्यांना उतरवून घ्यायला ही जागा वापरली, मग नाटकं, लिलाव असलं काय काय तिथे होत राहिलं, आणि एका टप्प्यावर तर सगळं पाडून मोठं आधुनिक हॉटेल उभं करायचं घाटत होतं. ते टळलं याचं एक कारण म्हणजे त्याच सुमारास पॅरिसचा जुना ले आल बाजार पाडला गेला आणि लोकांचा एवढा संताप झाला की पुढची जुनी वास्तू पाडायला कोणी धजेना. १९७८ मध्ये इमारतीला संरक्षण मिळालं, आतली सगळी मांडणी गाए औलेंती या इटालियन आर्किटेक्ट बाईंनी केली आणि डिसेंबर १९८६ मध्ये म्युझियम उघडलं.

आता कामाचं.

दिवस आणि वेळ ठरवा

सोमवारी बंद, हे परत एकदा सांगते. १ मे आणि २५ डिसेंबरलाही बंद. बाकी दिवशी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, आणि गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत. सहाला बंद म्हणजे सहापर्यंत निवांत बघता येतं असं समजू नका हं, पाचनंतर आत सोडत नाहीत आणि साडेपाचपासून दालनं रिकामी करायला लागतात. एकेका दालनातून गार्ड लोक आपल्याला हळूहळू पुढे ढकलत नेतात, अगदी नम्रपणे, पण नेतात.

मला विचाराल तर गुरुवारची संध्याकाळ सगळ्यात बेस्ट. दिवसभरचे ग्रुप निघून गेलेले असतात, तिकीट स्वस्त असतं, आणि वरच्या काचेतून येणारा उजेड हळूहळू कमी होत दिवे लागत जातात तेव्हा तो हॉल खरंच संध्याकाळच्या स्टेशनासारखा वाटायला लागतो. ते जमत नसेल तर सकाळी साडेनऊचा पहिला स्लॉट. मंगळवार टाळता आला तर टाळा, कारण लूव्र मंगळवारी बंद असतं आणि तिथली सगळी जनता इकडे वळते. आणि महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांना फुकट असतो, ऐकायला छान वाटतं, पण त्यासाठीसुद्धा आधी बुकिंग लागतं आणि गर्दी म्हणाल तर विचारू नका.

तिकीट

इथे एक उलटी गोष्ट आहे, ती पहिल्यांदा माझ्या डोक्यातच शिरली नव्हती. ऑनलाइन तिकीट महाग आणि खिडकीवरचं स्वस्त. मी हे लिहितेय तेव्हा ऑनलाइन १६ युरो आणि खिडकीवर १४, गुरुवारी संध्याकाळी सहानंतर अनुक्रमे १२ आणि १०. ते दोन युरो तुम्ही वेळ ठरवून घेण्याचे आणि तिकिटाची रांग वाचवण्याचे देता. उन्हाळ्यात किंवा शनिवार-रविवारी ते दोन युरो डोळे मिटून द्या, नाहीतर तासभर उन्हात उभं राहावं लागेल आणि आत जाईपर्यंत पायांचे तुकडे पडलेले असतील. थंडीत एखाद्या बुधवारी वगैरे जाणार असाल तर खिडकीवर चालून जातं. भाव बदलत असतात म्हणून जायच्या आधी म्युझियमच्या साइटवर एकदा बघून घ्या.

१८ वर्षांखालच्या सगळ्यांना फुकट, मग ते कुठल्याही देशाचे असोत. १८ ते २५ मधल्यांना फुकट फक्त ते युरोपियन युनियनचे नागरिक किंवा तिथे राहणारे असतील तर, म्हणजे तुमचं कोणी तिकडे शिकायला असेल तर त्याने आपलं रेसिडेन्सचं कार्ड खिशात ठेवावं. पॅरिस म्युझियम पास इथे चालतो. पण पास असो की तिकीट, सिक्युरिटीची रांग कोणालाच चुकत नाही.

पोचायचं कसं

सोपं आहे. आरईआर म्हणजे तिकडची लोकल, तिच्या सी लाइनचं स्टेशनच म्युझे दॉर्से नावाचं आहे, म्युझियमच्या अगदी खाली. मेट्रोने यायचं तर १२ नंबरची लाइन, स्टेशन सोल्फेरिनो, तिथून पाच मिनिटं चालत. उन्हाळ्यात सी लाइनवर बरेचदा दुरुस्तीची कामं काढतात आणि मधला भाग बंद असतो तेव्हा आधी चेक करा.

पण पाय धड असतील आणि पाऊस नसेल तर तुइलरी बागेतून चालत या. बागेतून नदीकडे उतरलं की एक पादचारी पूल लागतो, सेनेगलचे कवी आणि राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांच्या नावाचा. त्या पुलावरून म्युझियमचा अख्खा दर्शनी भाग दिसतो, दोन प्रचंड घड्याळं, वर तीन दगडी बायका बसलेल्या. या तिघी म्हणजे बोर्दो, तुलूझ आणि नान्त ही शहरं. इथून गाड्या कुठे जायच्या त्याचा तो जुना बोर्डच म्हणा ना. भिंतीवर आणखी गावांची नावं कोरलेली आहेत, आणि नीट बघितलं तर पी आणि ओ ही अक्षरं दिसतात, पॅरिस-ऑर्लेआँ कंपनीची. माझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेत, तिसऱ्या खेपेला त्यांना घेऊन गेले होते, ते या पुलावर वीस मिनिटं उभे. आई म्हणाली अहो चला आता, आत चित्रं आहेत, तर म्हणाले चित्रं कुठे जातायत, ती टांगलेली आहेत.

आत शिरताना

दारांवर तिकीट असलेले, नसलेले असे वेगळे बोर्ड असतात, ते वाचून रांगेत लागा, चुकीच्या रांगेत अर्धा तास काढलेली माणसं मी बघितली आहेत. बाहेरच्या चौकात गेंडा, हत्ती, घोडा आणि सहा खंडांच्या सहा मूर्ती आहेत, १८७८ च्या प्रदर्शनासाठी केलेल्या, रांगेत उभं असताना बघायला बऱ्या.

मोठी बॅग, सूटकेस आणूच नका, आत घेत नाहीत. एअरपोर्टला जाता जाता बघून जाऊ हा प्लॅन इथे चालत नाही. लहान सॅक, कोट, छत्री क्लोकरूममध्ये फुकट ठेवता येतं आणि ठेवाच, तीन तास खांद्यावर कोट घेऊन फिरणं म्हणजे शिक्षा आहे. फोटो काढू देतात, पण फ्लॅश नाही, ट्रायपॉड नाही, सेल्फी स्टिक तर नाहीच. नकाशा फुकट मिळतो, तो घ्या. मोबाइलवर बघू म्हणाल तर बॅटरी फोटो काढण्यातच संपते, अनुभवाने सांगतेय.

पहिली दहा मिनिटं काहीही बघू नका

म्हणजे चित्र बघू नका. आत आलात की तुम्ही वरच्या बाजूला असता आणि मोठा हॉल तुमच्या खाली पसरलेला असतो, खाली उतरायला पायऱ्या. का? कारण तुम्ही रस्त्याच्या लेव्हलला आहात आणि रूळ त्याच्या खालून जायचे. तिथेच कठड्याला टेकून उभं राहा. हॉल १३८ मीटर लांब आहे, ४० मीटर रुंद, ३२ मीटर उंच. वर कमानदार काच, बाजूला नक्षीचे चौकोन, आणि मागे वळून बघितलं तर डोक्यावर सोन्याने मढवलेलं भलंमोठं घड्याळ.

बाबांनी तिथे काय केलं तर आधी आपलं मनगटी घड्याळ त्या घड्याळाशी लावून बघितलं. मग खाली बोट करून मला म्हणाले, "गाडी इथून आत यायची, आणि हमाल त्या बाजूला असणार." बरोबर होतं की नाही देव जाणे, पण सोळा रूळ होते म्हटल्यावर त्यांनी मनातल्या मनात प्लॅटफॉर्म आखायला घेतले. मला तोपर्यंत दोन वेळा येऊनही हॉल म्हणजे नुसता मोठा हॉल वाटत होता, त्या दिवशी पहिल्यांदा ते स्टेशन दिसलं. (दोन वेळा कसल्या, सोमवार वगळला तर एकदाच. असो.) आता मी कोणालाही घेऊन गेले तर तिथेच आधी उभं करते.

मग सरळ पाचव्या मजल्यावर

ही सगळ्यात महत्त्वाची टिप, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बहुतेक लोक पायऱ्या उतरतात, समोर दिसेल त्या पुतळ्यापासून सुरू करतात, डावीकडचं दालन, उजवीकडचं दालन असं करत दोन तास खाली घालवतात आणि मग कळतं की मोने, रेन्वार, देगा, व्हॅन गॉग सगळे वर पाचव्या मजल्यावर आहेत आणि आता ना पायात जीव आहे ना डोक्यात जागा. मीही हेच केलं होतं. व्हॅन गॉगच्या समोर उभी होते आणि मनात फक्त बसायला कुठे मिळेल हा विचार.

म्हणून हॉलमधून सरळ चालत पार शेवटच्या टोकाला जा, तिथून सरकत्या जिन्याने वर, मधले मजले मध्ये लागतील ते सोडून द्या. व्हीलचेअर असेल तर लिफ्ट आहे. वरून सुरुवात करा आणि उतरत या.

वर काय काय आहे याची यादी मी देणार नाही, ती नकाशात आहे. आणि चित्रं जागा बदलतात, कधी दुसऱ्या देशातल्या प्रदर्शनाला गेलेली असतात, व्हिसलरची ती काळ्या कपड्यातली खुर्चीत बसलेली आई तर सारखी परगावी. एखाद्याच चित्रासाठी जात असाल तर आधी साइटवर बघून घ्या. पण काही चित्रांपाशी थांबा असं सांगते.

एक, मोनेचं साँ-लाझार स्टेशन, १८७७ चं. स्टेशनात टांगलेलं स्टेशनाचं चित्र! साँ-लाझार पॅरिसमधलंच दुसरं स्टेशन, अजून चालू आहे. मोनेने त्याची डझनभर चित्रं काढली, कधी बाहेरून कधी शेडच्या आतून, हे आतलं आहे. जवळ जाऊन बघा, इंजिन म्हणजे काळसर काही फटकारे, माणसं म्हणजे ठिपके, पण धूर बघा, तो निळा आहे, जांभळट आहे, छताखाली अडकून वळसे घेतोय, आणि त्याच्या मागे शहरातल्या इमारती उन्हात विरघळल्यासारख्या. मग मान वर करून तुम्ही उभे आहात त्या इमारतीचा विचार करा. ते चित्र आणि हे स्टेशन यांच्यात फक्त तेवीस वर्षांचं अंतर आहे, आणि मोनेला जे काढावंसं वाटलं तो धूरच इथे नव्हता. धूर असता तर ती छतावरची फुलं काळी पडली असती, कदाचित घातलीच नसती, आणि मग हे म्युझियमही झालं नसतं. हे माझं डोकं आहे, कुठे लिहिलेलं नाही, पण मला ते त्या चित्रासमोर दर वेळी आठवतं.

दोन, कायबोतचं लाकडी फरशी तासणारे कामगार, १८७५. तीन उघडी माणसं गुडघ्यांवर बसून रंधा मारतायत, खिडकीतून येणारा उजेड तासलेल्या पट्ट्यांवर चमकतोय, बाजूला लाकडाच्या कुरळ्या सालपटांचा पसारा आणि दारूची बाटली. सलोनने, म्हणजे तेव्हाच्या सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनाने, ते नाकारलं, असली मजुरांची चित्रं त्यांना नको होती. हा कायबोत घरचा श्रीमंत, मित्रांची चित्रं विकली जात नव्हती तेव्हा हा विकत घ्यायचा, आणि मरताना सगळा संग्रह देशाला देऊन गेला. सरकारने तेव्हा का-कू करत त्यातली काहीच घेतली. वरचं मोनेचं स्टेशन त्यातलंच.

तीन, मोनेचंच गवतावरचं जेवण. मानेचं त्याच नावाचं जास्त फेमस आहे, कपडे घातलेले दोन पुरुष आणि कपडे न घातलेली बाई, ते १८६३ चं, तेही इथेच आहे, लोक दोघांच्या नावात गोंधळ करतात. माने वेगळा, मोने वेगळा. मोनेचं मात्र तुकड्यात आहे. भाडं थकलं म्हणून त्याने तो अवाढव्य कॅनव्हास घरमालकाकडे ठेवला, परत सोडवून आणेपर्यंत ओलीने सडलेला, मग कापून जेवढं वाचलं तेवढं ठेवलं. भाडेकरू म्हणून राहिलेल्या कोणालाही त्याच्यासमोर उभं राहून जरा कसंतरी होईल.

व्हॅन गॉगसमोर गर्दी असणारच. इथे एक घोटाळा होतो तो सांगून ठेवते, ते वळणावळणाचं निळं आकाश आणि सुरूचं झाड असलेलं चित्र न्यूयॉर्कमध्ये आहे, इथलं आहे ते ऱ्होन नदीवरच्या चांदण्या रात्रीचं, १८८८ चं, पाण्यात दिव्यांची लांब लांब प्रतिबिंबं आणि कोपऱ्यात एक जोडपं. मला विचाराल तर हे जास्त आवडतं, त्यात आरडाओरडा नाही. ओव्हेर गावचं चर्च आहे, त्याच्या शेवटच्या वर्षातलं, ते बाजूने तिरकं बघा म्हणजे रंग किती जाड लावलाय ते कळतं. तसंच मोनालिसा शोधू नका, ती लूव्रला. मोनेच्या कमळांच्या त्या लंबगोल खोल्या नदीपलीकडे ऑरांजरी म्युझियमला. इथे साधारण १८४८ ते १९१४ एवढाच काळ आहे, त्याच्या आधीचं लूव्रला आणि नंतरचं पॉम्पिदू या आधुनिक कलेच्या म्युझियमच्या संग्रहात अशी वाटणी आहे.

घड्याळ

तुम्ही रील्समध्ये जे बघितलंय ते, काचेच्या मोठ्या घड्याळाच्या आतून पॅरिस दिसतं. तेही पाचव्याच मजल्यावर. पुलावरून दिसलेली ती दोन घड्याळं आठवतात ना, ती आतून अशी दिसतात, आकडे उलटे. एक कॅफेमध्ये आहे आणि दुसरं गॅलरीच्या बाजूला. फोटोसाठी चक्क रांग लागते, प्रत्येकाला काळी सावली होऊन उभं राहायचं असतं. हरकत नाही, काढा फोटो, पण एक मिनिट बाजूला होऊन काचेतून बघाही, समोर नदी, बाग, लूव्र, आणि लांब टेकडीवर पांढरं साक्रे-कर चर्च. तो कॅफे दिसायला भारी आहे पण जेवायच्या वेळी जागा मिळणं मुश्कील, अकराच्या आत किंवा तीननंतर बघा.

उतरताना मधला मजला

इथे लोक पटकन आटपतात आणि मलाही इथे सगळंच आवडतं असं नाही, आर नूव्हो म्हणजे १९०० च्या सुमाराच्या वेलबुट्टीदार शैलीचं फर्निचर दोन खोल्यांनंतर मला एकसारखं दिसायला लागतं. पण दोन गोष्टी सोडू नका. हॉटेलचा जुना समारंभाचा हॉल, आरसे, झुंबरं, सोनेरी मुलामा, १९५८ च्या मे महिन्यात फ्रान्सचा युद्धकाळातला नेता जनरल द गॉलने याच हॉलमध्ये पत्रकार परिषद घेऊन आपण परत सत्ता हातात घ्यायला तयार आहोत असं सांगितलं होतं. हॉटेलचं जुनं डायनिंगही याच मजल्यावर आहे, रंगवलेलं छत वगैरे, आता तिथे म्युझियमचं रेस्टॉरंट आहे.

दुसरी म्हणजे शिल्पकार रोदँचं नरकाचं दार. प्लास्टरचं आहे, पांढरं, वर बसलेला तो विचार करणारा माणूस ओळखीचा वाटेल, मुळात तो या दाराचाच भाग. १८८० मध्ये सरकारने रोदँला हे दार सांगितलं ते एका नव्या म्युझियमसाठी, आणि ते म्युझियम बांधायचं होतं याच जागेवर, त्या जळक्या राजवाड्याच्या जागी. म्युझियम काही झालं नाही, स्टेशन झालं. रोदँ मरेपर्यंत त्या दाराला हात लावत बसला. आणि आता शंभरेक वर्षांनी स्टेशनाचंच म्युझियम झालं आणि दार आपल्या ठरलेल्या जागी आलं. हे वाचल्यावर मी परत वर जाऊन ते बघून आले होते, पाय दुखत असताना.

शेवटी तळमजला

आता दमला असाल, तर निवडक बघा. कुर्बेचं ओर्नांमधला अंत्यविधी हे चित्र जवळजवळ साडेसहा मीटर रुंद आहे, एका खेड्यातली साधी माणसं, रडणाऱ्या बायका, कंटाळलेला कुत्रा, सगळे खऱ्या आकाराचे. एवढा मोठा कॅनव्हास तेव्हा राजे आणि देवांसाठी राखून असायचा, म्हणून लोक भडकले. मिलेच्या सरवा वेचणाऱ्या बायका इथे आहेत. शेत कापून झाल्यावर राहिलेली कणसं वेचणं म्हणजे काय हे ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागत नाही, माझी आई या एकाच चित्रासमोर बोलायची थांबली. मानेची ऑलिंपिया सहसा याच मजल्यावर असते, तिला फ्रान्सबाहेर जाऊ न देण्यासाठी मोनेने वर्गणी गोळा केली होती. लहान मुलं बरोबर असतील तर सांगून ठेवते, सगळीकडे उघडी माणसं आहेत, त्याचा बाऊ करू नका, मुलं पाच मिनिटांत विसरतात. मुलांना घेऊन जायचं ते हॉलच्या शेवटी, ऑपेरा गार्निए या पॅरिसच्या जुन्या ऑपेरा थिएटरच्या मॉडेलपाशी. अख्खी इमारत मधोमध कापून दाखवलीय, रंगमंचाच्या खालीवर किती मजले यंत्रं असतात ते दिसतं, आणि पायाखाली काचेची जमीन, त्यात ऑपेराच्या आसपासचा मोहल्ला छोट्या घरांसकट. मुलं त्या काचेवर पालथी पडतात. मोठेही पडले असते.

एकूण वेळ म्हणाल तर तीन तास बरे, चार असतील तर उत्तम, दोनच असतील तर फक्त पाचवा मजला आणि हॉल, बाकी सोडा आणि वाईट वाटून घेऊ नका. मध्ये बाकं आहेत तिथे बसा, बसून बघण्यासारखंच आहे सगळं. क्लोकरूममधला कोट घ्यायला विसरू नका, दुकानात शिरलात की वेळेचं भान राहत नाही आणि बंद व्हायच्या वेळेला क्लोकरूमपाशी झुंबड असते.

आणि जाताना जमलं तर आरईआर सीनेच जा. रूळ अजून आहेत, म्युझियमच्या खालून गाड्या अजून धावतात, व्हर्सायला जाणारीही याच लाइनवर मिळते, फक्त बोर्डवर कुठल्या टोकाची आहे ते नीट वाचा कारण सी लाइनला फाटे फार. आम्ही खाली उतरलो तेव्हा आई बाकावर बसून चपला काढून पाय चोळत होती आणि बाबा प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे राहून आधी इंडिकेटरकडे, मग हातातल्या घड्याळाकडे बघत होते. गाडी आली. "तीन मिनिटं लेट," ते म्हणाले, आणि एकदम खूश दिसले.